हौशी हात आणि विजेची तार

हैदराबादेत कोठीच्या परिसरात गुजराती गल्ली नावाची एक गजबजलेली गल्ली आहे. रेडिओचे, दूरचित्रवाणीचे, ध्वनिवर्धकाचे सुटे भाग हवे असले म्हणजे सगळे शहर तिथे लोटते. आमच्या शेजारच्या घरातील एका महाविद्यालयीन मुलाबरोबर काही महिन्यांपूर्वी मी त्या गल्लीत गेलो होतो. त्याला हवी होती इनॅमलचा लेप दिलेली, केसाहूनही बारीक अशी तांब्याची तार. दुकानदाराने सवयीप्रमाणे विचारले, "कौनसी मोटर के वास्ते, मियाँ?" मुलगा म्हणाला, "मोटर नहीं, गिटार के वास्ते." दुकानदाराने एकदा त्याच्याकडे व एकदा माझ्याकडे पाहिले, आणि जणू मीच या खुळाला जबाबदार आहे अशा मुद्रेने रीळ पुढे सरकवले.

संध्याकाळी त्या मुलाच्या वडिलांनी मला तोच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारला. ते रेल्वेच्या विद्युत् खात्यातून निवृत्त झालेले, काटेकोर वृत्तीचे गृहस्थ. ते म्हणाले, "बाजारात गिटारी का कमी आहेत? पैसेही मी द्यायला तयार आहे. मग विकत मिळणारी वस्तू याने घरात भुसा पाडून, बोटे कापून घेऊन का करावी?" त्या वेळी मी काही तरी बोलून वेळ मारून नेली, पण प्रश्न मनातून गेला नाही. श्रोतेहो, आजचे माझे भाषण म्हणजे त्या गृहस्थांना उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

प्रथम हे वाद्य चालते कसे ते पाहू. सतारीची तार छेडली म्हणजे तिचा कंप घोडीवाटे तबलीला आणि तबलीवाटे भोपळ्यातील हवेला मिळतो आणि नाद मोठा होतो. साध्या गिटारीचे पोकळ धडही हेच काम करते. विजेच्या गिटारीत हा सारा मार्गच बदलतो. तारा पोलादाच्या असतात. त्यांच्या खाली कायम चुंबक बसवलेले असतात आणि चुंबकांभोवती बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे दिलेले असतात. तार हलली की तिथले चुंबकीय क्षेत्र हलते, आणि क्षेत्र हलले की वेढ्यांत अल्पसा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. मायकेल फॅरडे याने १८३१ साली दाखवून दिलेला हा नियम. तोच प्रवाह ध्वनिवर्धकात वाढवला की तारेचा स्वर सभागृहभर ऐकू येतो. चुंबक आणि वेढे यांच्या या जोडीला पिकअप म्हणतात. विजेच्या गिटारीचा प्राण तो हाच, आणि गुजराती गल्लीतील ती तार याच्यासाठीच हवी होती.

आता हा पिकअप प्रथम कोणी केला? मोठमोठ्या प्रयोगशाळांतून तो निघाला असेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो निघाला लॉस एंजेलिस शहरातील एका वादकाच्या घरातून. जॉर्ज बीचम हा हवाई पद्धतीची गिटार वाजवणारा कलावंत होता. वाद्यवृंदात कर्णे आणि ढोल वाजू लागले की आपली गिटार कोणाला ऐकूच जात नाही, हे त्याचे दुःख. ग्रामोफोनचा पिकअप घेऊन त्याने प्रयोग सुरू केले, घरगुती यंत्राच्या मोटरीवर तारेचे वेढे गुंडाळले, आणि १९३१ साली एका सहकाऱ्याकडून लाकडाचे एक लहानसे गोल धड व लांब दांडी असे वाद्य कोरून घेतले. त्याचे रूप थेट तळणीच्या तव्यासारखे होते, आणि 'तळणीचा तवा' हेच नाव त्याला चिकटले. अडॉल्फ रिकनबॅकर नावाच्या साचे-हत्यारे घडविणाऱ्या कारागिराच्या सहकार्याने ॲल्युमिनियमचे ओतीव तवे १९३२ पासून विक्रीस येऊ लागले. पेटंट मात्र मिळाले ते १९३७ साली.

या हकीकतीतील एक गोष्ट आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. पहिली विजेची गिटार ही पडद्यांवर बोटे दाबून वाजवायची गिटार नव्हती. ती मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादाचा गज सरकवीत वाजवायची हवाई गिटार होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या हवाई बेटांतील शाळकरी मुलाने ही पद्धत रूढ केली असे मानतात. गज सरकतो तेव्हा एका स्वरातून दुसऱ्या स्वरात जाताना मधल्या सर्व श्रुती ऐकू येतात. ज्यांनी विचित्रवीणा किंवा दक्षिणेतील गोट्टुवाद्यम् ऐकले आहे त्यांना हे सांगण्याची गरज नाही. हीच आपली मींड. आणि म्हणून, गिटारींपैकी जिला प्रथम वीज लागली, ती योगायोगाने आपल्या संगीताला सर्वांत जवळची होती.

आपल्याकडे या मींडेचा प्रश्न किती तीव्र होता याची साक्ष खुद्द नभोवाणीच्या इतिहासात आहे. हार्मोनियमचे स्वर ठोकळेबाज, त्यांना मींड नाही, श्रुती नाही, या कारणास्तव १९४० साली नभोवाणीने त्या पेटीला आपल्या स्टुडिओतून बाहेर काढले. ती बंदी काही अटींवर शिथिल झाली १९७१ साली. आमच्या हैदराबादेत निजामाचे डेक्कन रेडिओ होते. उर्दूबरोबर तेलुगू, मराठी आणि कन्नड या भाषाही तिथून ऐकू येत, आणि १ एप्रिल १९५० रोजी ते केंद्र आकाशवाणीत विलीन झाले. नभोवाणीच्या त्या काळातील धोरणकर्त्यांनी पेटीला दरवाजा बंद केला, यात त्यांचा अन्याय झाला असे मी मानतो. परंतु त्यामागील कानाची मागणी खोटी नव्हती. परदेशी वाद्य आपल्याकडे राहायचे असेल तर त्याने सरकता स्वर शिकला पाहिजे, ही ती मागणी.

हवाई गिटार ही अट आधीच पुरी करीत होती. १९२९ साली ताउ मो हा हवाई वादक आपल्या मंडळीसह हिंदुस्थानात आला, आणि पुढे १९४० नंतरची काही वर्षे कलकत्त्यात राहून त्याने शिष्य तयार केले. बंगाल्यांनी हे वाद्य घरोघर नेले. लखनौचे व्हॅन शिप्ले मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले, आणि आठ तारांची विजेची गिटार त्यांनी स्वतः आखून वापरली. जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा यांनी हवाई पद्धतीच्या गिटारीला पूर्ण ख्यालाचे गांभीर्य दिले. १९६७ साली शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर त्यांनी केलेली ध्वनिमुद्रिका आजही रसिकांच्या संग्रही असते. त्यांच्यानंतर विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीलाच चिकाऱ्या व तरफा जोडून वीस तारांची मोहनवीणा सिद्ध केली. या सर्वांनी आलेले वाद्य जसेच्या तसे वापरले नाही; त्याच्यात हात घालून आपल्या गळ्याला पटेल असे ते करून घेतले.

आता पडद्यांच्या गिटारीकडे वळू. कारण आमच्या शेजारचा मुलगा जी करीत होता ती याच जातीची. पोकळ धडाच्या गिटारीला पिकअप लावला की एक आपत्ती उद्भवते. ध्वनिवर्धकातून निघालेला आवाज पोकळीला हलवतो, पोकळी तारेला हलवते, तार पुन्हा ध्वनिवर्धकाला खाद्य पुरवते, आणि या चक्रातून कर्कश आरोळी उठते. यावर उपाय म्हणजे धड भरीव करणे. लेस पॉल या अमेरिकन वादकाने १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कमधील एका वाद्यकारखान्यात सुट्टीच्या दिवशी बसून चार इंच चौरस जाडीचा एक सरळ लाकडी ओंडका घेतला, त्याच्यावर तारा व पिकअप बसवले, आणि लोकांना ते गिटारीसारखे दिसावे म्हणून एका जुन्या गिटारीच्या धडाची दोन अर्धुके दोन्ही बाजूंना चिकटवली. ओंडका वाजत होता, अर्धुके केवळ शोभेची होती. गिब्सन या नामांकित कंपनीने ही कल्पना प्रथम नाकारली आणि पुढे, १९५२ साली, लेस पॉलच्याच नावाने भरीव गिटार बाजारात आणली.

दरम्यान कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवणारा लिओ फेंडर पुढे सरसावला होता. गंमत अशी की या गृहस्थाला गिटार वाजवता येत नव्हती. पण दुरुस्ती करणाऱ्याची दृष्टी त्याच्याजवळ होती. वाद्य बिघडले तर कुठला भाग काढावा लागेल, याचा विचार त्याने आधी केला. १९५० साली त्याने जी भरीव गिटार आणली, तिची दांडी धडाला सरसाने न चिकटवता चार स्क्रूंनी बसवली होती. दांडी झिजली तर ती काढून नवी बसवा. १९५४ साली त्याची 'स्ट्रॅटोकास्टर' आली. तिचे तीनही पिकअप एका पत्र्यावर बसवलेले असल्याने तो पत्रा उचलला की सारे अंतरंग हाती येते. हे दोन निर्णय घेताना फेंडरच्या डोळ्यांपुढे कारखान्याची सोय होती. पण त्यांनी नकळत जगभरच्या हौशी लोकांना आमंत्रणच दिले. जे उघडता येते ते बदलता येते, आणि जे बदलता येते ते मनासारखे करता येते. पिकअप बदलणे, दांडी बदलणे, पडदे नवे घालणे, हे जे आज लक्षावधी तरुण घरी बसून करतात, त्याचे मूळ त्या चार स्क्रूंत आहे.

अशा घरगुती गिटारींत सर्वांत प्रसिद्ध आहे ती इंग्लंडमधील ब्रायन मे याची. १९६३ साली हा सोळा वर्षांचा मुलगा होता. बाजारातील अमेरिकन गिटार घेण्याइतका पैसा घरात नव्हता. वडील हॅरल्ड मे हे इलेक्ट्रॉनिक्समधील जाणकार. बापलेकांनी मिळून घरातच काम आरंभले. दांडी झाली एका जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीची. लाकूडकिड्यांनी पाडलेली भोके आगकाड्यांचे तुकडे कोंबून बुजवली. धडात जुन्या टेबलाचे ओकचे लाकूड आले. स्वर थरथरवण्याच्या यंत्रणेत जुन्या मोटरसायकलीच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा आल्या, आणि तिच्या दांड्याच्या टोकाला आईच्या विणायच्या सुईचा तुकडा आला. पडद्यांच्या मधल्या खुणांसाठी शिंपल्याची बटणे आली. सुमारे दोन वर्षांनी गिटार पुरी झाली. पुढे ब्रायन मे 'क्वीन' या वाद्यवृंदाचा गिटारवादक झाला, आणि २००२ साली बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहून त्याने जी गिटार वाजवली ती हीच. मराठी श्रोत्यांना आणखी एक दुवा सांगावासा वाटतो. या वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे झांजिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा फारुख बलसारा; त्याचे शिक्षण आपल्या पाचगणीच्या शाळेत झाले, आणि त्याचा पहिला वाद्यवृंद जमला तोही तिथेच.

या कथेला एक दुसरी बाजू आहे, आणि ती मला अधिक हलवते. ब्रायन खगोलशास्त्रात संशोधन करीत होता. ते अर्धवट सोडून तो संगीतात शिरला तेव्हा ज्या वडिलांनी त्याच्याबरोबर ती गिटार घडवली होती, तेच दुखावले. विद्या सोडून मुलगा वाजंत्री झाला, हे त्यांना पटेना. वर्षे गेली, न्यूयॉर्कच्या भव्य सभागृहात त्यांनी मुलाचे वादन ऐकले, आणि तेव्हा कुठे मनातील तेढ सुटली. ब्रायननेही ते अपुरे संशोधन पुरे करून २००७ साली डॉक्टरेट मिळवली. वडील तोवर हयात नव्हते.

कोणी म्हणेल, हे सारे साहेबांच्या देशातले. आपल्याकडे काय आहे? माझे उत्तर असे की आपल्याकडे तर ही परंपरा अधिक जुनी आहे. फक्त आपण तिच्याकडे इतिहास म्हणून पाहिले नाही. मिरजेचेच उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब हे तंतुवाद्ये करू लागले. शिकलगार म्हणजे तलवारी-कट्यारींना पाणी आणि धार देणारे लोक. इंग्रजी अंमलात हत्यारांची मागणी आटली, आणि धार लावणारे ते हात पंढरपूर-मंगळवेढ्याकडील भोपळ्यांकडे वळले. सुरुवात झाली दुरुस्तीपासून. वाद्य उघडावे, आतली रचना समजून घ्यावी, आणि मग तसे, किंबहुना त्याहून सरस करावे, हा फेंडरचाच मार्ग, फेंडरच्या जन्मापूर्वीचा. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्या हातांचा उचित गौरव झाला असे म्हणावे लागेल.

सतार आणि गिटार यांच्यातील एक भेद इथे नोंदवून ठेवतो, कारण घरी गिटार करणाऱ्याची खरी परीक्षा तिथेच होते. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. रागाप्रमाणे ते वर-खाली सरकवता येतात. कारागिराची लहानशी चूक वादक सुधारून घेतो. गिटारीचे पडदे दांडीत चिरा पाडून ठोकलेले असतात. एकदा बसले की बसले. सप्तकाचे बारा सारखे भाग करायचे म्हणून प्रत्येक पडद्याचे स्थान गणिताने काढावे लागते. तारेची वाजती लांबी १७.८१७ या संख्येने भागावी. येईल तितक्या अंतरावर पहिला पडदा. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच संख्येने भागावे, तो दुसरा. साडेपंचवीस इंचांची तार असेल तर पहिला पडदा सुमारे १.४३ इंचांवर येतो, आणि बारावा अचूक मध्यावर, पावणेतेरा इंचांवर. चीर अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाली की तो स्वर जन्मभर बेसूर. आमच्या मुलाची पहिली दांडी अशीच वाया गेली.

दुसरे उदाहरण मुंबईचे. गणपतीच्या मिरवणुकीत किंवा दहीहंडीच्या दिवशी ज्याला आपण 'बेंजो' म्हणतो, तो अमेरिकेतील बँजो नव्हे. जपानमध्ये नागोया येथे १९१२ साली मोरिता गोरो याने टाइपरायटरसारख्या कळा लावून तारांचे एक घरगुती वाद्य केले, तैशोगोतो. ते आपल्याकडे आले आणि बुलबुलतरंग झाले. कव्वालीत बसले, गल्लीबोळांत गेले. मग कोणा कारागिराने त्याच्या तारांखाली पिकअप बसवला, आणि दिवाणखान्यातील ते लाजरे वाद्य ढोल-ताशांच्या बरोबरीने रस्त्यावर उभे राहिले. त्या कारागिरांची नावे कुठल्याही पेटंटावर नाहीत. बीचमला जे दुःख झाले तेच त्यांना झाले, आणि उपायही त्यांनी तोच शोधला. या बेंजो वाजवणाऱ्या मंडळींच्या जीवनावर २०१६ साली एक हिंदी चित्रपटही निघाला. पण सभ्य समाजात संगीताचा इतिहास लिहिताना बेंजोचे नाव कोणी घेत नाही. ते घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

तिसरे उदाहरण आमच्या तेलुगू मुलखाचे, आणि मला सर्वांत प्रिय. गोदावरीच्या काठच्या पालकोल्लु गावी १९६९ साली जन्मलेल्या यू. श्रीनिवास या बालकाने वडिलांचे मँडोलिन उचलले. मँडोलिनला आठ तारा, त्याही जोडीजोडीने. दोन तारा एकाच वेळी ओढून कर्नाटक संगीतातील गमक काढणे दुष्कर, आणि त्या वाद्याचा नाद तर क्षणात विरणारा. या मुलाने वीज लावलेले भरीव मँडोलिन घेतले आणि आठ तारांच्या जागी पाच सुट्या तारा ठेवल्या. एकेरी तार बोटाने ओढता येते, आणि वीज तिचा नाद टिकवून धरते. ज्या वाद्याला कर्नाटक संगीतात कोणी थारा दिला नसता, त्यावर त्यागराजांच्या कृती ऐकून मद्रासचे जाणते श्रोते स्तब्ध झाले. पुढे 'रिमेंबर शक्ती' या वृंदात झाकीर हुसेन यांच्या तबल्याबरोबर श्रीनिवास यांचे मँडोलिन आणि जॉन मॅक्लॉफ्लिन या इंग्रज वादकाची गिटार एका मंचावर आली. याच मॅक्लॉफ्लिनने त्याआधी, १९७० नंतरच्या दशकात, आपल्या गिटारीच्या दोन पडद्यांमधील लाकूड कोरून पन्हळीसारखे खोलगट करून घेतले होते. वीणेवर जशी तार दाबून ओढता येते, तशी गिटारीवर यावी म्हणून. म्हणजे एका बाजूने आमचा मुलगा पाश्चात्य वाद्याला गमक शिकवीत होता, आणि दुसऱ्या बाजूने तो इंग्रज तीच वाट चालत होता. २०१४ साली श्रीनिवास अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी गेले.

राहिली सामग्रीची गोष्ट. घरी गिटार करू पाहणाऱ्या भारतीयाने परदेशी मालावाचून अडून बसण्याचे कारण नाही. गिटारीच्या दांडीवरील काळसर पट्टीसाठी जग ज्या लाकडाची इच्छा करते ते आपले शिसव. ब्राझीलचे रोझवूड दुर्मीळ झाले तेव्हा, १९६९ पासून, मार्टिन या जुन्या अमेरिकन गिटारकारांनी भारतीय शिसवीचा अवलंब केला. या जातीच्या वृक्षांची बेसुमार तोड होऊ लागल्याने २०१७ पासून त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले; २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सवलत मिळाली, तरी कच्च्या लाकडावरील बंधने कायम आहेत. मोडक्या पलंगाचा शिसवी पाय ज्याच्या माळ्यावर पडला आहे, त्याने तो विकण्यापूर्वी दोनदा विचार करावा. चकाकीसाठी लागणारा चपडा म्हणजे आपलीच लाख. मोटरी गुंडाळणाऱ्यांच्या दुकानात तांब्याची तार मिळते. उरतो तो हात, आणि तो विकत मिळत नाही.

परदेशी गिटारींवर जेव्हा आयातीचे कडक निर्बंध होते, तेव्हा आपल्या देशात घरी वाद्य करणे ही गरज होती. कलकत्त्याच्या गिबटोन, गिव्हसन यांसारख्या गिटारींवर कित्येक पिढ्या शिकल्या, आणि त्यांत फेरफार करीतच तयार झाल्या. १९९१ नंतर बाजार खुला झाला. आता कोणतीही गिटार घरपोच मिळते. गरज संपली. तरीही हौस संपली नाही, ही मला लक्षणीय गोष्ट वाटते. कारण तयार वाद्य सरासरी माणसासाठी केलेले असते. आपल्या बोटांची लांबी, आपल्या कानाची आवड, आपल्या संगीतातील मींड आणि गमक, यांचा हिशेब परदेशातील कारखाना करीत नाही. त्याने का करावा? तो हिशेब ज्याचा त्यालाच करावा लागतो. आणि ज्या समाजात वाद्य उघडून पाहणारे कोणी उरत नाही, त्या समाजाला शेवटी बाजारात जे मिळेल त्याच्याच बेताने गावे लागते.

आमच्या शेजारच्या मुलाने पहिला पिकअप गुंडाळला तेव्हा तीन हजारांच्या पुढे वेढे गेल्यावर तार तुटली. दुसरा पुरा झाला. दुसरी दांडीही जमली. सारे जोडून झाल्यावर ध्वनिवर्धक सुरू केला, तर स्वराऐवजी भुंग्यासारखी एकसारखी घरघर. दोन दिवस मुलगा जागा सोडीना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वडील वर्तमानपत्र घडी करून उठले, त्याच्या टेबलाशी गेले, गिटार उलटी करून पाहिली आणि म्हणाले, "तारांना अर्थिंग कुठे दिले आहेस?" दिले नव्हते. पस्तीस वर्षे रेल्वेचे दिवे आणि पंखे सांभाळलेल्या त्या हातांनी घोडीपासून आतपर्यंत एक तार नेली, सोल्डरचा एक थेंब ठेवला, आणि घरघर थांबली.

मग मुलाने सा छेडला. पडदे अजून खरखरीत होते आणि तिसरी तार किंचित उतरलेली होती. वडिलांनी कानसेची पेटी कुठे आहे ते विचारले, आणि चष्मा पुसून खुर्ची जवळ ओढली.